कॉलेज बास्केटबॉलचा आवाज: पहिल्या दहा रांगांत कोण बसलंय?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे, आणि उत्तर विचारणाऱ्यालाच उद्देशून देतो. एक गृहस्थ मुलाला भेटायला अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात गेले. तिथल्या मॅकी अरीनात त्यांनी कॉलेजची बास्केटबॉल मॅच पाहिली आणि कान बधिर होऊन बाहेर पडले. त्याच आठवड्यात इंडियानापोलिसला एनबीएची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगची, मॅच पाहिली. हॉल मोठा, माणसं जास्त, तिकीट महाग, खेळाडू जगातले सर्वोत्तम, आणि तरी आवाज सगळा स्पीकरचा. असं का? नवा हॉल बांधताना कॉलेजचा तो आवाज मुद्दाम आणता येतो का? आणि पुढच्या फेरीत आणखी कुठं जावं?

मी ध्वनिशास्त्राचा सल्लागार आहे. सभागृहं आणि चर्च ही रोजची कामं, आणि अधूनमधून विद्यापीठांचे खेळाचे हॉल. त्यामुळे उत्तर थोडं तांत्रिक होईल. पण आधीच सांगून टाकतो, यातला निम्माच भाग ध्वनिशास्त्राचा आहे. उरलेला निम्मा तिकिटांच्या वाटपाचा आहे, आणि हॉल मरतात ते बहुतेक वेळा तिथेच.

माणसांच्या संख्येपासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच आहे. ओरडणारी माणसं दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे माणसं दहापट हवीत. तेव्हा नऊ हजारांचा हॉल आणि अठरा हजारांचा हॉल यांत, बाकी सगळं सारखं असेल तर, फरक कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. आता दुसरं गणित बघा. साधं बोलणारा माणूस एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल, आणि गळा काढून ओरडणारा ८५ च्या पुढे. २५ डेसिबलचा फरक म्हणजे ऊर्जेत तीनशेपट. घसा फोडून ओरडणारा एक विद्यार्थी म्हणजे शेजाऱ्याशी मॅचबद्दल गप्पा मारणारे तीनशे सभ्य लोक. हॉलमध्ये किती माणसं आहेत यापेक्षा त्यातली किती जण उभं राहून ओरडतायत, हेच मोजायचं असतं.

दुसरी गोष्ट जागेची. पुण्यात सरावाला नदीपात्रात ऐकलेलं ढोल-ताशा पथक आणि तेच पथक विसर्जनाला लक्ष्मी रोडवर ऐकणं, यातला फरक ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगणार! ढोल तेच, हात तेच. फक्त दोन्ही बाजूंना भिंती आल्या आणि आवाजाला पळायला जागा उरली नाही. मॅकी अरीना १९६७ सालचं आहे, गोल आहे, आणि डोक्यावर धातूचं घुमटाकार छत आहे. माणसाच्या आवाजाला असं छत जवळजवळ काहीच शोषून घेत नाही, आलेलं सगळं परत खाली पाठवतं. शिवाय आतून वळलेला पृष्ठभाग आवाज नुसता परतवत नाही, गोळा करून परतवतो. पावणेपंधरा हजारांच्या आसपास माणसं, त्यात ‘पेंट क्रू’ नावाचा विद्यार्थ्यांचा जथा कोर्टाला लागून उभा. तुमच्या कानांनी तक्रार केली नसती तरच नवल.

व्यावसायिक हॉलचं अर्थकारण वेगळं. तिथं वर्षात बास्केटबॉलच्या चाळीसेक रात्री, आणि उरलेल्या दिवसांत संगीताचे कार्यक्रम, आइस शो, सभा. ध्वनिवर्धकावरच्या संगीताला घुमणारा हॉल म्हणजे शाप. शब्द कळत नाहीत, बास चिखलासारखा पसरतो. म्हणून छताला शोषक पॅनेल लावतात, खुर्च्या गादीच्या करतात. हॉलमधलं शोषण दुप्पट झालं की तेवढ्याच ओरडण्याचा घुमारा ३ डेसिबलने खाली येतो. वरच्या मजल्यावर काचेच्या आलिशान खोल्यांचा पट्टा आला की छत आणखी वर जातं, वरच्या रांगा आणखी मागे सरकतात. मग ती उणीव भरून काढायला स्पीकर आलेच.

आणि इथे एक नियम येतो, जो बऱ्याच प्रेक्षकांना माहीत नसतो. कॉलेजच्या खेळात चेंडू खेळात असताना बँड वाजवता येत नाही, स्पीकरवर संगीत लावता येत नाही, भोंगे आणि तत्सम आवाजाची साधनं हॉलमध्ये आणायलाच बंदी. बँडने वाजवायचं ते टाइमआउटमध्ये आणि मध्यंतरात. एनबीएमध्ये घरचा संघ बचाव करत असताना स्पीकरवरून ‘डी-फेन्स’चा ठेका चालू असतो आणि प्रेक्षक त्याच्या मागून जातात. कॉलेजच्या हॉलमध्ये खेळ चालू असताना जे ऐकू येतं ते निव्वळ घसे, टाळ्या आणि पाय. तुम्हाला दोन हॉलमधला जो फरक जाणवला त्याचा मोठा वाटा माझ्या मते या एका नियमाचा आहे. यंत्राच्या आवाजात आणि माणसांच्या आवाजात काय फरक असतो हे कान लगेच ओळखतो, मीटर ओळखत नाही.

बांधता येतं का, या प्रश्नाकडे येतो.

छत आणि भिंती बांधता येतात. आम्ही रिकाम्या हॉलमध्ये मध्यभागी उभं राहून मोठा फुगा फोडतो (आता त्यासाठी चांगले स्पीकर आहेत, पण घाई असली की फुगाच) आणि तो आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजतो. जुन्या फील्डहाउसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या जुन्या पद्धतीच्या खेळाच्या हॉलमध्ये, ‘फट्’ झाल्यावर आधी पलीकडच्या भिंतीवरून एक थप्पड परत येते, मग छतावरून दुसरी, आणि मग सगळं मिसळून तीन-चार सेकंद एक राखाडी गुरगुर रेंगाळते. गादीच्या खुर्च्यांच्या नव्या हॉलमध्ये तोच फुगा दीड-दोन सेकंदांत संपतो. हा फरक आराखड्यात ठरवता येतो, त्यात जादू काही नाही. रिकाम्या लाकडी बाकावर माणूस बसला की शोषण वाढतं, गादीच्या खुर्चीवर बसला तर फारसं वाढत नाही, कारण खुर्ची आधीच शोषत होती. त्यामुळे बाकांचा हॉल रिकामा असताना भयंकर घुमतो आणि भरल्यावर बरोबर जमतो. शिवाय बाक असलं की माणसं खेटून बसतात, त्याच जागेत जास्त मावतात, आणि पाय आपटले की सगळी रांग हादरते. खुर्चीला हात असतात, पेला ठेवायची जागा असते. एकदा पेला ठेवला की माणूस उठत नाही.

एका विद्यापीठाने (नाव राहू दे) जुनी बाकं काढून उत्तम खुर्च्या बसवल्या आणि दोन हंगामांनी मला बोलावलं, ‘आवाज गेला, परत आणा.’ मी मोजमाप केलं. खुर्च्यांनी खाल्लेला आवाज दोन-अडीच डेसिबलचा होता. पण नूतनीकरणाच्या वेळी कोर्टालगतच्या रांगा देणगीदारांना विकल्या होत्या आणि विद्यार्थ्यांना एका कोपऱ्यात वर पाठवलं होतं. मी अहवालात लिहिलं की छताला हात लावू नका, तिकिटांचा नकाशा बदला. बैठकीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या खुर्च्यांच्या पैशातूनच तर नूतनीकरण झालं होतं. शेवटी त्यांनी नवी स्पीकर यंत्रणा घेतली. माझं बिल वेळेवर दिलं, एवढं मात्र कबूल करायला हवं.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण नॉर्थ कॅरोलायनात आहे, आणि तिथं दोन विद्यापीठं शेजारी असल्याने तुलना आयती मिळते. डरहॅममध्ये ड्यूकचं कॅमरन इनडोअर स्टेडियम, १९४० चं, ९,३१४ जागांचं. तिथून पंधरा-वीस मिनिटांवर चॅपल हिलमध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं डीन स्मिथ सेंटर, १९८६ चं, साडेएकवीस हजारांहून जास्त जागांचं. साध्या हिशेबाने दुसरं पहिल्याच्या दुपटीहून मोठं. पण डीन स्मिथ सेंटर खासगी देणग्यांतून उभं राहिलं आणि देणगीदारांना खालच्या, कोर्टालगतच्या जागांचा हक्क मिळाला. १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ तिथं जिंकून गेला आणि त्यांचा सॅम कॅसेल म्हणाला की ही तर वाइन-चीजवाली मंडळी आहेत. तो टोमणा इतका जिव्हारी लागला की आजही तो त्या हॉलच्या पाठीमागे चिकटलेला आहे. नंतर एका बास्केटमागे विद्यार्थ्यांसाठी उभं राहायची जागा काढली, तेव्हा जरा जीव आला. त्याआधी हाच संघ कारमायकल ऑडिटोरियम नावाच्या निम्म्याहून लहान हॉलमध्ये खेळायचा, आणि त्याच्या कर्णकर्कश गोंगाटाच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात. संघ तोच, प्रशिक्षक तेच डीन स्मिथ, गावही तेच.

कॅमरनमध्ये उलटं आहे. खालच्या रांगा विद्यार्थ्यांच्या, माजी विद्यार्थी आणि देणगीदार वर. कोर्टाच्या लांब बाजूला पत्रकारांचं टेबल, आणि त्याच्या मागे लगेच विद्यार्थी, इतके जवळ की पत्रकाराच्या लॅपटॉपवर कुणाच्या तरी अंगावरचा निळा रंग गळतो. पाहुण्या संघाचा खेळाडू बाजूच्या रेषेवर चेंडू आत टाकायला उभा राहिला की त्याच्या पाठीशी बोटं थरथरवणारे पन्नास-साठ हात पसरतात. नियमाने त्याला हात लावायचा नाही, आणि लावतही नाहीत. पण त्याला आपल्या साथीदाराचं ओरडणं ऐकू येत नाही, प्रशिक्षकाचंही नाही, आणि चेंडू टाकायला त्याच्याकडे पाच सेकंद असतात. अंतर निम्मं झालं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे मीटरभरावरचे दहा विद्यार्थी त्याच्या कानाला वरच्या मजल्यावरच्या हजारांहून भारी पडतात.

या जागांसाठी ते काय करतात तेही ऐकण्यासारखं आहे. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या घरच्या सामन्यासाठी विद्यार्थी हिवाळ्यात हॉलसमोरच्या हिरवळीवर आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात. वसाहतीला ड्यूकचे माजी प्रशिक्षक माईक शशेव्स्की यांच्यावरून शशेव्स्कीव्हिल म्हणतात. एका तंबूत बारा जणांपर्यंतचा गट, पाळ्या लावून रात्र काढतात, आणि रांगेची देखरेख करणारे विद्यार्थीच मध्यरात्री भोंगा वाजवून हजेरी घेतात. हजेरी चुकली की तंबू रांगेत मागे. ज्याने जागेची किंमत झोपेत मोजली आहे तो दोन तास खाली बसणार नाही. यात ध्वनिशास्त्र काडीचं नाही, पण मी लावलेल्या कुठल्याही पॅनेलपेक्षा हे जास्त काम करतं.

मेरीलँडने हे सगळं बघून मुद्दाम बांधलं. २००२ मध्ये त्यांचा जुना कोल फील्डहाउस सोडून नवा हॉल झाला, जवळपास अठरा हजारांचा. त्यात एका बास्केटमागे विद्यार्थ्यांचा सलग उभा चढ, ३५ अंशांचा, नाव ‘द वॉल’. चढ इतका उभा का? कारण पुढच्याचं डोकं मागच्याच्या तोंडाआड येत नाही, प्रत्येक तोंडापासून कोर्टापर्यंत मोकळी वाट राहते, आणि लोक समोर, कोर्टावर ओरडतात, पुढच्याच्या पाठीवर नाही. शिवाय कोर्टाभोवतीच्या खालच्या रांगाही विद्यार्थ्यांना दिल्या. बांधता येतं का, याचं उत्तर हे: हो, येतं; पण आराखडा काढताना देणगीदारांशी वाकडं घ्यायची तयारी हवी.

आता आकड्यांचा राजा. कॅन्सस विद्यापीठाचं ॲलन फील्डहाउस, लॉरेन्स गावात, १९५५ चं, २०१७ साली १६,३०० जागांचं. २८ जानेवारी २०१७ ला केंटकीच्या रप अरीनात, कॅन्ससविरुद्धच्या सामन्याच्या वेळी, बंदिस्त हॉलमधल्या गर्दीच्या गर्जनेचा गिनीज विक्रम झाला: १२६.४ डेसिबल. सामना मात्र कॅन्ससने जिंकला. मग १३ फेब्रुवारीला कॅन्ससने आपल्या घरी वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध १३०.४ करून विक्रमही नेला. वर्तमानपत्रांत हा आकडा सारखा येतो, म्हणून एक खुलासा करतो. तो ठरवून, मीटर लावून केलेल्या प्रयत्नातला क्षणाचा शिखर-आकडा आहे. पूर्ण सामनाभर कुठल्याच हॉलमध्ये असं नसतं, नाहीतर पंच, खेळाडू आणि मी, सगळेच बहिरे झालो असतो. पण त्याच रात्री जे घडलं ते जास्त बोलकं आहे. शेवटची तीन मिनिटं उरली असताना कॅन्सस १४ गुणांनी मागे होतं. तिथून बरोबरी केली आणि जादा वेळेत ८४-८० ने जिंकलं. पाहुण्यांनी चेंडू गमावला की आवाज, आवाजाने पुढची चूक, चुकीने आणखी आवाज, हे चक्र एकदा फिरलं की टाइमआउट घेऊनही थांबत नाही. लॉरेन्समध्ये लोक त्या रात्रीचं काही सांगतात तर ही तीन मिनिटं सांगतात.

तिथला इतिहास तर विचारूच नका. बास्केटबॉल ज्याने शोधला तो जेम्स नेस्मिथ कॅन्ससचा पहिला प्रशिक्षक, आणि गंमत म्हणजे त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत हरलेले सामने जिंकलेल्यांपेक्षा जास्त असलेला तो एकटाच. त्याने १८९१ मध्ये तयार केलेले मूळ टाइप केलेले नियम हॉलला जोडूनच्या इमारतीत काचेत ठेवलेत. पाहुण्या संघाची ओळख करून देताना विद्यार्थी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरतात, जणू समोर कुणी आलंच नाही. मग घरचा संघ आला की त्याच कागदांचे तुकडे हवेत. आणि सामना खिशात पडला की शेवटच्या मिनिटाला ‘रॉक चॉक, जेहॉक’ ही संथ घोषणा सुरू होते. ती घोषणा या हॉलसाठीच बनवली असावी असं वाटतं, पण ती एकोणिसाव्या शतकातली आहे, हॉलच्या कितीतरी आधीची. लांब ओढलेले स्वर आणि घुमणारं छत यांचं जमतं. एक स्वर विरायच्या आत पुढचा येऊन त्याला मिळतो.

वेगाच्या घोषणांचं गणित मात्र निराळं, आणि हा माझ्या आवडीचा मुद्दा आहे, म्हणून जरा थांबतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर रुंद हॉलच्या या टोकाची टाळी त्या टोकाला पोचायला ०.३ सेकंद लागतात. मिनिटाला १२० टाळ्यांचा ठेका असेल तर दोन टाळ्यांत अर्धा सेकंद असतो. म्हणजे पलीकडचे लोक जे ऐकून टाळी देतात ते अर्ध्या ठेक्याहून जास्त मागे पडलेलं असतं. त्यांची टाळी परत इकडे येते तोवर गोंधळ. मोठ्या हॉलमध्ये घोषणा सुरू होते आणि तीन-चार आवर्तनांत फाटते, ती या कारणाने. लोकांचा उत्साह कमी असतो म्हणून नव्हे. चाळीस मीटरच्या हॉलमध्ये हाच उशीर ०.१२ सेकंदाचा, म्हणून ठेका टिकतो. मोठ्या हॉलमध्ये उपाय एकच, ठेका कानाने नाही तर डोळ्याने द्यायचा: चीअरलीडरचे हात, बँडच्या ढोलवाल्याची वर जाणारी काठी. ज्यांचं हे जमलेलं असतं तिथं बँड आणि विद्यार्थी शेजारी बसवलेले असतात. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) राष्ट्रीय स्पर्धेत बँडला २९ वादकांची मर्यादा आहे, आणि अंतिम फेरी सत्तर-ऐंशी हजारांच्या फुटबॉल स्टेडियममध्ये उंचवट्यावर कोर्ट घालून होते. तिथं गर्दीचा आवाज समुद्रासारखा येतो-जातो, खेळाशी त्याचा धागा जुळत नाही. मला विचाराल तर हंगामातलं सगळ्यात महत्त्वाचं खेळणं सगळ्यात वाईट जागी होतं.

आता, या आवाजाने खेळावर खरंच काय परिणाम होतो? घरच्या मैदानाचा फायदा कॉलेज बास्केटबॉलमध्ये ढोबळमानाने तीनेक गुणांचा धरतात. लोकांना वाटतं तो फ्री थ्रोमध्ये (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीत) मिळतो, कारण ते डोळ्यांना दिसतं: पारदर्शक बोर्डामागे शेकडो लोक हात हलवतायत, कागदातून कापलेले मोठमोठे चेहरे नाचवतायत. पण सगळे मिळून एकाच वेळी हात हलवतात तेव्हा नेमबाजाला मागे एक सरसकट खळबळ दिसते, आणि तो ती डोळ्याआड करायला शिकलेला असतो. ॲरिझोना स्टेटच्या मुलांना हे कळलं. त्यांनी २०१३ मध्ये बास्केटमागे काळा पडदा आणला. पडदा बंद असतो, नेमबाज चेंडू आपटतो, आणि नेमक्या क्षणी पडदा उघडून आत काहीतरी अचाट निघतं. जानेवारी २०१६ मध्ये आतून निघाला जलतरणपटू मायकेल फेल्प्स, पोहायची चड्डी आणि गळ्यात पदकं. ओरेगन स्टेटच्या खेळाडूने दोन्ही फ्री थ्रो घालवले. सततच्या खळबळीपेक्षा अनपेक्षित एक गोष्ट जास्त लक्ष खेचते, एवढंच ते तत्त्व आहे.

खरा परिणाम होतो तो बचावाच्या बोलण्यावर. बास्केटबॉलमध्ये बचाव करणारे सतत बोलत असतात: डावीकडे अडथळा आहे, तू सोड मी घेतो, मागे बघ. आक्रमणातही प्रशिक्षक बाजूने चाल सांगतो. आवाज एका पातळीच्या वर गेला की हे सगळं बंद पडतं आणि पाहुणे हातवाऱ्यांवर येतात. म्हणून पाहुणे संघ अशा सामन्याच्या आधी सरावात मुद्दाम स्पीकर लावून खेळतात. पंचांवरही थोडा परिणाम होतो. पंधरा हजार माणसं एकदम ओरडली की शिट्टी वाजवायचा मोह होतोच, आणि ते पंचही माणसंच आहेत. तुम्ही पुढच्या वेळी एक गोष्ट बघा. टीव्हीच्या जाहिरातींसाठी प्रत्येक अर्ध्यात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरल्याच्या खुणेनंतर खेळ पहिल्यांदा थांबला की सक्तीचा टाइमआउट असतो. हुशार विद्यार्थी हे डोक्यात ठेवून श्वास राखतात. आठ मिनिटांच्या टाइमआउटच्या आधी घरच्या संघाने सलग आठ-दहा गुण केले की खेळ थांबतो, बँड सुरू होतो, आवाज खाली यायच्या ऐवजी चढतो, आणि पाहुण्यांना ती विश्रांती विश्रांती वाटत नाही.

वात्रटपणाबद्दलही थोडं. जानेवारी १९८४ मध्ये ड्यूकच्या विद्यार्थ्यांनी मेरीलँडच्या सामन्यात इतकी खालची पातळी गाठली की विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड यांनी सगळ्यांना पत्र लिहिलं, खाली सही ‘अंकल टेरी’. काकांनी प्रेमाने सांगितलं की शिव्या न देता हुशारीने छळा. पुढच्या मोठ्या सामन्याला पोरं तारेची प्रभावळ डोक्यावर लावून देवदूत होऊन आली, नॉर्थ कॅरोलायनाच्या डीन स्मिथ यांचं सहर्ष स्वागत करणारा फलक धरला, आणि पंचाचा निर्णय पटला नाही की सभ्यपणे कोरसमध्ये म्हणू लागली, ‘आम्ही नम्रपणे असहमत आहोत.’ माझ्या दृष्टीने कॉलेजच्या गर्दीचा तो कळस. अलीकडे खेळाडूच्या घरच्यांना, आजारपणाला किंवा वर्णाला लक्ष्य करणाऱ्या घोषणा अधूनमधून ऐकू येतात. त्यात कसब नाही आणि मजाही नाही.

आणि शांततेचाही एक प्रकार आहे. इंडियानातच अपलंड गावात टेलर नावाचं छोटं ख्रिस्ती विद्यापीठ आहे. डिसेंबरमध्ये परीक्षेआधीच्या एका सामन्याला अख्खा हॉल पायजम्यात आणि चित्रविचित्र वेशात येऊन गप्प बसतो. घरच्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत चेंडूचा आणि बुटांचा आवाज सोडून काही नाही. दहावा गुण पडला की छत उडतं. मला तिथं मीटर घेऊन जायचंय. कारण कान शांततेला सरावलेला असताना आलेला आवाज मीटर दाखवेल त्याहून कितीतरी मोठा वाटतो.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे. आधी तारीख, मग जागा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत विद्यार्थी घरी जातात. त्या दिवसांत ॲलन फील्डहाउससुद्धा निम्म्या आवाजात चालतं, आणि नेमके तेव्हाच भारतातले पालक सुट्टी काढून येतात. शक्य असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, शनिवार, आणि परंपरागत प्रतिस्पर्धी. पर्ड्यूलाच परत जाणार असाल तर इंडियाना विद्यापीठाविरुद्धचा सामना गाठा. मुलाला आधीच सांगून ठेवा, त्या तिकिटासाठी वणवण असते.

फिलाडेल्फियाला कुणी नातेवाईक असतील तर पॅलेस्ट्रा चुकवू नका. १९२७ सालचा, पावणेनऊ हजारांच्या आसपासचा हॉल. पोलादी कमानी, मध्ये खांब नाही, बाकं थेट कोर्टापर्यंत उतरलेली. शहरातली कॉलेजं तिथं एकमेकांशी भिडतात तेव्हा हॉलचे दोन भाग दोन संघांचे असतात, आणि हे इतरत्र फारसं मिळत नाही. पूर्वी पहिली बास्केट पडली की दोन्हीकडून रंगीत कागदी फिती कोर्टावर यायच्या. ऐंशीच्या दशकात त्यावर बंदी आली. पश्चिमेला जाणार असाल तर आल्बुकर्कचं ‘द पिट’. १९६६ चं. आधी छत उभं केलं आणि मग त्याखाली खणत गेले. कोर्ट जमिनीच्या ३७ फूट खाली. खेळाडू लांब उतारावरून चालत त्या खड्ड्यात येतात, आणि गाव समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर असल्याने पाहुण्यांना धापही लागते. स्पोकेनला गोन्झागा आहे, फक्त ६,००० जागा. संघ इतकी वर्षं देशातल्या वरच्या फळीत असूनही २००४ मध्ये बांधलेला हा हॉल त्यांनी पुढे मोठा केला नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

महिलांचे सामने बघा, हेही आवर्जून सांगेन. आयोवाच्या कार्व्हर-हॉकआय अरीनात स्टार खेळाडू केटलिन क्लार्कच्या शेवटच्या हंगामात सगळी तिकिटं विकली गेली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर उघड्यावर कोर्ट घालून खेळलेल्या सामन्याला ५५,६४६ माणसं आली. साउथ कॅरोलायनात डॉन स्टेली यांच्या संघाला वर्षानुवर्षं देशातली सर्वाधिक गर्दी असते. तिथं कुटुंबं जास्त, आवाजाचा स्वर वरचा, आणि तिकीट पुरुषांच्या मोठ्या सामन्यांपेक्षा सहज मिळण्याची शक्यता बरी.

तिकीट घेताना विद्यार्थ्यांच्या स्टँडच्या बरोबर समोरची बाजू, मधल्या उंचीवर घ्या. त्यांच्या शेजारी बसलात तर सामनाभर उभं राहावं लागेल आणि दिसणार काहीच नाही. कानांचं मनावर घ्या. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला फक्त पंधरा मिनिटं. असल्या हॉलमध्ये दोन तासांची सरासरी नव्वदीच्या वर सहज जाते. साधे फोमचे बोळे खिशात ठेवा, लहान मूल असेल तर त्याला इअरमफ, नाही म्हणालं तरी. आणि घरच्या संघाने मोठ्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं तर विद्यार्थी कोर्टावर धावतात. जानेवारी २०२४ मध्ये ओहायो स्टेटला क्लार्कची अशाच धावत्या प्रेक्षकाशी टक्कर झाली, पुढच्याच महिन्यात वेक फॉरेस्टला ड्यूकच्या काइल फिलिपाउस्कीला दुखापत झाली, आणि काही परिषदा (विद्यापीठांचे लीगसारखे गट) यासाठी विद्यापीठांना लाखो डॉलरचा दंड लावतात. शेवटच्या मिनिटाला गुणफलक घासून असेल तर खाली उतरू नका. जागेवर बसून राहा, दहा-पंधरा मिनिटांत कोर्ट मोकळं होतं.